ज्यानं धुतलं त्यानं केलं

आमच्या लाँड्रीत टीव्ही आला तो वहिनीच्या हट्टापायी. दादा म्हणत होता, "दुकानात टीव्ही कशाला? गिऱ्हाईक कपडे टाकायला येतं की तमाशा बघायला?" वहिनी म्हणाली, "गिऱ्हाईक राहू दे, मी बघणार. दिवसभर लोकांच्या कॉलरी घासायच्या, आणि डोळ्यांना जरा करमणूक नको?" झालं. तिने एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकायची नाही. दोन दिवसांत काउंटरच्या वर भिंतीवर टीव्ही लागला.

त्यावर संध्याकाळी 'माग' लागायचं. खऱ्या गुन्ह्यांचा कार्यक्रम. काळा कोट घातलेला एक निवेदक अंधाऱ्या गल्लीतून चालत यायचा, थांबायचा, एक भुवई वर चढवायचा आणि म्हणायचा, "प्रश्न एवढाच उरतो..." मेल्याचा प्रश्न एवढाच कधी नसायचा. जाहिराती संपेपर्यंत आणखी चार निघायचे.

आधीच सांगून ठेवते, मी तोंडाळ आहे. नवऱ्याशी माझं पटलं नाही त्याला हेच तोंड कारण, असं सासरचे सांगत फिरतात. दादाने मला काउंटरवर बसवलं तेही ह्याच तोंडासाठी. तुटलेल्या बटणावरून भांडायला आलेलं गिऱ्हाईक परतवणं त्याला जन्मात जमलं नाही. त्याचं राज्य मागच्या खोलीत, डागांवर. शाई, तेल, गंज, काही आणा. कपडा उजेडात धरायचा, नाकाशी न्यायचा, बोटाने चाचपायचा, आणि मग देवाला स्नान घालावं तसा हळू कामाला लागायचा. बोलणं कमी. डागांवर विचारलंत तर मात्र नळ सोडल्यासारखा.

'माग' लागलं की दुकानात दोन पक्ष पडायचे. शेजारचे औषधवाले दुकान नोकरावर टाकून यायचे आणि दारातूनच सुरू व्हायचे. "सगळं रचलेलं असतं हो. लेखक बसवलेले असतात पगारावर. ते रक्त म्हणजे बिटाचा रस." दुसऱ्या बाजूला शिकवणीबाई, समोरच्या इमारतीत गणिताच्या शिकवण्या घ्यायच्या त्या. त्या म्हणायच्या, "सुरुवातीला पाटी दाखवतात, सत्य घटनेवर आधारित. उगाच दाखवतील? कोर्टात खेचेल कुणीतरी."

"आधारित!" औषधवाले उसळायचे. "माझं दुकानही वैद्यकशास्त्रावर आधारित आहे. म्हणून मी काय डॉक्टर झालो?"

"गोळ्या तर न विचारता देताच की," आमचा इस्त्रीवाला आतून म्हणायचा. त्याला सगळे इंजिन म्हणतात, कारण दिवसभर वाफेत उभा असतो आणि वेळ मिळाला की बाहेर जाऊन विडीचा धूर काढतो.

वहिनी वाद घालायची नाही. ती खेळायची. मांडीवर ठकीला घ्यायची, म्हणजे माझ्या भाचीला, मांडीत मावेनाशी झाली तरी घ्यायची, आणि दोघी मिळून गुन्हेगार ओळखायच्या. "बघ, हा रडत नाहीये. ह्यानेच केलंय." "नाही आई, तो भाऊ असेल." "अगं नेहमी नवराच असतो. लिहून घे माझ्याकडून." मग दादाकडे बघून डोळे मिचकवायची. दादा हसायचा आणि आत जायचा.

एकदा असाच एक भाग लागला होता. त्यातल्या नवऱ्याने रक्ताने भरलेला शर्ट उकळत्या पाण्यात टाकला. दादा नेमका बाहेर आला होता, तो चवताळलाच. "हे साफ चूक आहे! गरम पाण्यात रक्त घातलं की डाग जन्माचा पक्का होतो. ह्यांना काही येत नाही." एवढ्या मोठ्या खुनातलं दादाला तेवढंच खोटं वाटलं. आम्ही पोट धरधरून हसलो. वहिनीने हात वर करून निकाल दिला, "चूक धुवो की बरोबर धुवो, ज्यानं धुतलं त्यानं केलं!"

"मग ह्या दुकानातले सगळेच फासावर," इंजिन म्हणाला.

तेव्हापासून तो घरातला विनोदच झाला. दादा एखादा सदरा पाण्यातून काढायला लागला की ठकी दारातून ओरडायची, "ज्यानं धुतलं त्यानं केलं!" आणि दादा दोन्ही ओले हात वर करून शरण यायचा.

वहिनी गेली त्याला तीन वर्षं झाली. आम्ही दुकानाच्या वरच राहतो. तिला कपाटावरची बॅग काढायची होती. शिडी खाली दुकानात होती, आणि आळस हा सगळ्यात वाईट वैरी. तिने खुर्चीवर स्टूल ठेवलं. वरून धाडकन आवाज आला, दादा वर धावला, मी त्याच्या मागे. टेबलाची कड डोक्याला मागून लागली होती. तिच्या अंगात तो दुधी रंगाचा स्वेटर होता. तिचा तिने विणलेला, डाव्या बाहीत एक टाका चुकलेला. त्या टाक्याचं छोटं भोक पडलं होतं, आणि लहानपणापासून ठकीला त्यात बोट घालून झोपायची सवय. त्या स्वेटरची मागची सगळी बाजू लाल झाली होती.

हॉस्पिटलात तिला आत नेलं. डॉक्टर म्हणाले, "शुद्धीवर येतील, वेळ लागेल. बसा." नर्सने स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत घालून दादाच्या हातात दिला. दादा अर्धा तास पिशवी मांडीवर घेऊन बसला. मग मला म्हणाला, "तू थांब. मी एवढं भिजवून येतो. वाळलं तर निघायचं नाही, आणि ही शुद्धीवर आली की पहिला स्वेटर मागेल." मी म्हटलं, जा. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. लाँड्रीवाल्याच्या घरात कुणाला वाटेल? दुसऱ्याच्या घरात माणसं देवापुढे दिवा लावतात, नवस बोलतात. दादाला जे येत होतं ते त्याने केलं. गार पाणी, मीठ, घासायचं नाही, नुसतं दाबायचं.

तो परत आला तेव्हा हात अजून गारठलेले होते. संध्याकाळी वहिनी गेली. स्वेटर तिकडे पाण्यातच होता.

पोलीस आले, बघून गेले. स्टूल, खुर्ची, कपाटावर अर्धी ओढलेली बॅग. स्वेटरचं दादानेच सांगितलं, कुणी विचारायच्या आधी. त्यांच्यातला एक प्रौढ पोलीस म्हणाला, "असं करू नये हो," आणि दादाच्या खांद्यावर हात ठेवला. अपघात म्हणून प्रकरण मिटलं. ठकीला तिच्या आजीने नेलं, म्हणजे वहिनीच्या आईने. वयात येणारी पोर, बापाला काय कळणार, शाळा संपेपर्यंत राहू दे, असं ठरलं. दादाने मान डोलावली. तीन वर्षं तो एकाच गोष्टीवर जगला, की शाळा संपली की ठकी परत येणार. आमच्या इथलं कॉलेज तिने स्वतःच निवडलं होतं. फोनवर म्हणायची, "बाबा, तू खिडकीजवळ टेबल ठेव माझं." त्याने टेबल घेतलं. वर्षभर आधीच.

अशात ती चॅनलवाली मुलगी आली. पाठीला पिशवी, आवाज साखरेचा. आल्या आल्या मला 'काकू' म्हणाली, तेव्हाच मी तिला ओळखायला हवं होतं. म्हणाली, घरातल्या अपघातांवर कार्यक्रम करतोय. ओल्या फरशीवर घसरणं, स्टूलवर चढणं. लोक सावध होतील. मी म्हटलं, "दादा, नको. ह्यांचा काय भरवसा?" दादा म्हणाला, "एक बाई जरी स्टूलवरून खाली उतरली तरी पुरे आहे मला."

तो बोलला. मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाशी उभा राहून. सगळं सांगितलं. मग तिने मान एका बाजूला कलवून विचारलं, "आणि काका, रक्त काढायला काय करावं लागतं?" झालं, नळ सुटला. गार पाणी, मीठ, वेळ किती महत्त्वाचा. ती "हो का?" "अय्या!" करत राहिली. त्याला वाटलं, काय हुशार मुलगी आहे, शिकायची किती हौस. जाताना तिने त्याला वाकून नमस्कारसुद्धा केला.

महिन्याभराने तिचा फोन आला की अमुक दिवशी 'माग'मध्ये लागेल. मी म्हटलं, "माग? ते तर खुनांचं आहे." दादा म्हणाला, "अपघातांचा एखादा भाग करत असतील. वहिनीला तुझ्या किती आवडायचं ते. तिच्यावरच लागतंय बघ." त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की माझंसुद्धा तोंड बंद झालं. त्याने औषधवाल्यांना सांगितलं, शिकवणीबाईंना सांगितलं. ठकीला फोन केला. "बघ हं, चुकवू नकोस. आईवर आहे."

त्या संध्याकाळी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. मी सगळ्यांना चहा केला, माझी हौस.

काळा कोट गल्लीतून चालत आला. मग दिसलं एक घर, खाली लाँड्री. दादाच्या जागी एक जाड मिशीवाला नट, हातात पेला. आमच्या दादाने आयुष्यात खोकल्याच्या औषधापलीकडे काही प्यायलेलं नाही. वहिनीच्या जागी एक गोरी बाई, रडवेली. दोघं भांडतायत, कशावरून ते कळत नाही, नुसतं संगीत वाजतंय. मग स्टूल. मग स्टूलच्या मागे भिंतीवर एक सावली.

"ही कोणाची सावली?" शिकवणीबाईंनी विचारलं.

मग खुद्द दादा. चेहरा धूसर केला होता, पण आवाज त्याचा आणि मागची इस्त्री आमची. आंधळ्यानेही ओळखलं असतं. "रक्त काढायचं तर वेळ दवडून चालत नाही. जितका उशीर, तितका डाग पक्का." आणि मग दादा हसला. बारीकसं. मला आठवलं, त्या मुलीशी बोलताना तो म्हणाला होता, ती शुद्धीवर आल्या आल्या स्वेटरच मागणार, आणि हसला होता. वाक्य त्यांनी कापलं आणि हसू ठेवलं.

भुवई वर चढली. "पत्नी मृत्यूशी झुंज देत होती. आणि पती काय करत होता? घरी जाऊन तिचा रक्ताळलेला स्वेटर धूत होता. पोलिसांनी प्रकरण बंद केलं. पण प्रश्न एवढाच उरतो... इतकी घाई कशाची?"

जाहिरात लागली. कपडे धुवायच्या पावडरीची. खरं सांगते, पावडरीचीच.

इंजिनने पुढे होऊन टीव्ही बंद केला आणि एक अशी शिवी घातली की एरवी मी त्याला हाकलला असता. दादा उभा होता तिथेच होता, हातात कुणाचा तरी कोट. औषधवाले पुढे आले. त्याच्या दंडाला धरून म्हणाले, "सगळं खोटं असतं हो. मी पहिल्यापासून सांगतोय. मनाला लावून घेऊ नका." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाले, "पण स्वेटर... तो धुतला होतात का, खरंच?"

"भिजवला होता," दादा म्हणाला.

"तसं," औषधवाले म्हणाले.

त्या 'तसं'ला मी आजवर क्षमा केलेली नाही. कार्यक्रम खरा मानणाऱ्या शिकवणीबाई निदान उघड तरी वागल्या. दुसऱ्या दिवशी येऊन आपले कपडे मागून घेतले आणि माझ्याकडे न बघता गेल्या. औषधवाले रोज येत राहिले, रोज सांगत राहिले की हे लोक खोटारडे आहेत, ह्यांना नुसते प्रेक्षक हवेत. आणि त्यांचे पांढरे कोट पलीकडच्या गल्लीतल्या लाँड्रीत जायला लागले. मी एकदा त्यांच्या नोकराला पिशवीसकट गाठलं. नोकर म्हणाला, "मालकीणबाईंना जरा कसंतरी वाटतं." मालकीणबाईंना! अहो, सरळ म्हणा की स्वतःला वाटतं. पण नाही. ज्याला सगळं खोटं वाटतं तोही कपडे न्यायला दुसरं दार शोधतो.

मी चॅनलला फोन लावला. पहिल्या फोनला गाणी ऐकवली, दुसऱ्या फोनला गाणी ऐकवली, मग एक साहेब आले. मी त्याची सात पिढ्यांपर्यंत पूजा बांधली. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, त्यांनी खून केला असं आम्ही कुठे म्हटलंय? आम्ही फक्त प्रश्न विचारला. आणि त्यांनी धुतलं हे त्यांनीच सांगितलंय ना?"

हेच तर. सावली खोटी, पेला खोटा, भांडण खोटं, पण धुणं खरं. ढीगभर खोट्याला त्यांनी एक खरी गाठ मारली, आणि लोक ती गाठ चाचपून म्हणत बसले, घट्ट आहे हो. दुकानात लोक माझ्यासमोर वाद घालायचे. मी जणू टीव्हीच्या आतच बसलेली होते आणि त्यांचं मला ऐकू येत नव्हतं. "वाढवून दाखवतात, पण आगीशिवाय धूर निघतो का?" "पोलिसांनी सोडला ना?" "पैसे दिले असतील." कुणाला दादाशी वैर नव्हतं. संध्याकाळ घालवायला त्यांना काहीतरी हवं होतं. आम्हीही तेच करत होतो इतकी वर्षं, आमची वहिनी तर सगळ्यांत पुढे. ते आठवलं की माझा संताप माझ्यावरच उलटायचा.

दादाला ह्यातल्या कशाचं काही नव्हतं. एकच विचारायचा, "ठकीचा फोन आला?" ठकी फोन उचलत नव्हती. आजी उचलायच्या आणि म्हणायच्या, अभ्यास करतेय. परीक्षा होऊन गेली तरी अभ्यास करतेय. शेवटी निरोप आला की रविवारी येते.

दादाने खिडकीजवळचं टेबल तीनदा पुसलं. पडदे धुतले. मला म्हणाला, "सामान फार असेल, इंजिनला थांबवून घे." इंजिन रविवार असून आला, दाढी करून आला.

ती एक छोटी पिशवी घेऊन आली.

"एवढंच सामान?" मी विचारलं.

"आत्या, आधी बोलायचंय," ती म्हणाली. उंच झाली होती, वहिनीसारखे केस मागे बांधलेले. दादा मागच्या खोलीतून घाईघाईने आला, हात पुसत. ती म्हणाली, "कसे आहात बाबा?" जन्मभर ज्याला 'तू' म्हटलं, त्याला 'आहात'. दादा म्हणाला, "आजीने वळण छान लावलंय," आणि चहाला दूध आणायला स्वतः गेला. इंजिन त्याच्या मागे गेला.

मी ठकीला समोर बसवलं. "सरळ बोल. त्या फालतू कार्यक्रमावर विश्वास ठेवतेस?"

"मला कळतं आत्या. ते वाढवून दाखवतात. मी काय कुक्कुलं बाळ नाही." ती काउंटरवरची चिमट्यांची डबी उघडत-मिटत होती. "आमच्या वर्गात पण वाद झाला त्यावर. निम्म्या मुली म्हणाल्या खोटं, निम्म्या म्हणाल्या खरं. ती माझी आई आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. मग मला विचारलं, तुला काय वाटतं?"

"मग?"

"मी म्हटलं, नेहमी नवराच असतो."

मी तिच्या हातातली डबी काढून घेतली.

"तोंडातून निघून गेलं गं," ती म्हणाली आणि रडायला लागली. "आई म्हणायची तसं निघून गेलं. आणि सगळ्या म्हणाल्या, हो ना, हो ना. मग मी घरी गेले आणि झोपच येईना. मी पहिल्यापासून सगळं आठवून बघितलं. ते कधी ओरडलेपण नाहीत आईवर. मला सगळं माहितीये. पण आत्या, आई आत होती, आणि ते घरी आले. कोण येतं गं?"

"तिच्यासाठीच आला होता, बाळा. तो स्वेटर..."

"तेच कार्यक्रमात पण म्हणाले. स्वेटरसाठी आले."

मला तिच्या एक ठेवून द्यावीशी वाटली आणि तिला छातीशी धरावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. दादा दूध घेऊन दारात आला होता. त्याने किती ऐकलं, मला माहीत नाही. पिशवी ठेवली, आत गेला, आणि परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांवर तो स्वेटर होता.

मला वाटलं, देवा, आज नको. पण त्याने तीन वर्षं ह्याच दिवसासाठी तो जपला होता. दर हिवाळ्याच्या आधी काढायचा, वारा द्यायचा, पुन्हा मऊ कागदात गुंडाळायचा. कपाटात तो कुठे असायचा ते मलाही नक्की माहीत नव्हतं. त्याने तो काउंटरवर पसरला आणि दिवा लावला.

"तुझ्यासाठी ठेवलाय," तो म्हणाला. "तुझ्या आईने मागितला असता. आता तुझा."

दुधी रंग जसाच्या तसा. मागच्या बाजूला कसली खूण नाही, पिवळी कडसुद्धा नाही. लोकर नव्यासारखी फुललेली. मी इतकी वर्षं ह्या धंद्यात बसलेय, मला कळतं ते काय काम होतं. दुसऱ्या कुणाला असं जमलं नसतं. जगातला दुसरा कुठलाही कपडा असता तर मी त्याला शाबासकी दिली असती.

ठकीने तो उलटा केला. पाठीवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. दिव्याखाली धरला.

"काहीच नाही राहिलं," ती म्हणाली.

"काहीच नाही," दादा म्हणाला. त्याचा आवाज जरा भरून आला होता, आणि त्यात अभिमान होता. मला तो ऐकवेना.

मग तिने डावी बाही घेतली आणि बोटाने चाचपायला लागली. वरून खाली, खालून वर. "इथे भोक होतं."

"भरलं मी ते. तशीच लोकर शोधून आणली. वाढलं असतं नाहीतर."

तिने स्वेटर नाकाशी नेला. डोळे मिटले. मी मनातल्या मनात म्हणत होते, असू दे, थोडा तरी असू दे. पण कुठून असणार? आमच्या दुकानातून कुठल्या माणसाचा वास कधी बाहेर गेलाय?

"साबणाचा येतो," ठकी म्हणाली. "आईचं काहीच ठेवलं नाहीत तुम्ही."

"अगं, मी..."

"ज्यानं धुतलं..." ती म्हणाली, आणि तिथेच थांबली. कदाचित तिला ते म्हणायचंही नव्हतं. पण दादाचे दोन्ही हात सवयीने वर गेले होते, पूर्वीसारखे, शरण आल्यासारखे. ते तसेच वर राहिले. कुणी हसलं नाही, आणि मग त्याने ते हळूच खाली घेतले.

तिने स्वेटर नीट घडी घालून काउंटरवर ठेवला. आजीजवळचं कॉलेजही बरं आहे, म्हणाली. फोन करीन, म्हणाली. वाकून नमस्कार केला, दादाला आणि मला. मी दारापर्यंत गेले, हाक मारली, ओरडले, जे जे तोंडात आलं ते बोलले. ती कोपऱ्यावरून वळली. माझ्या तोंडाचा त्या दिवशी काडीचा उपयोग झाला नाही. इंजिन बाहेर पायरीवर बसला होता, त्याची विडी विझलेली होती.

मी आत आले. दादा काउंटरशी उभा होता. चहा उकळून उकळून काळा झाला होता, त्याचा वास येत होता.

"एक विचारू?" दादा म्हणाला. "तू होतीस त्या दिवशी. माझ्या मागे जिना चढलीस. आवाज झाला तेव्हा मी खाली होतो ना?"

"होतास की! म्हणजे काय!"

"तुला कधी वाटलं का गं? एकदा तरी? तो कार्यक्रम बघून?"

मी तोंडाळ बाई. गिऱ्हाइकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर फेकणारी. आवाज झाला तेव्हा दादा खालीच होता, मागच्या खोलीत. मागच्या खोलीत तो मला दिसतो थोडाच? पाण्याचा आवाज येत होता. येत होता ना? तो जिन्याकडे धावला ते मी पाहिलं. मागच्या खोलीतूनच आला असणार. दुसरीकडून कुठून येणार? ह्या एका गोष्टीचा मी तीन वर्षांत कधी विचार केला नव्हता, आणि तो त्या काळ्या कोटाने माझ्या डोक्यात आणून ठेवला होता.

"नाही रे दादा," मी म्हटलं. "वेडा आहेस का?"

पण ते लगेच नाही म्हटलं. एवढासा उशीर झाला. आणि उशिराचं दादाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

"बरं," तो म्हणाला.

आमच्याकडे मागच्या भिंतीला एक दांडी आहे, लोक टाकून जातात आणि न्यायला येत नाहीत त्या कपड्यांची. दादाने स्वेटरला पारदर्शक पिशवी घातली, वर चिठ्ठी टाचली, चिठ्ठीवर 'ठकी' लिहिलं, आणि तो त्या दांडीवर शेवटी अडकवला. मग त्याने गॅस बंद केला आणि चहाचं भांडं घासायला घेतलं.